डंकन फोर्ब्ज : बंडाच्या काळातील एक न्यायाधीश

स्कॉटलंडमधील १७४५ च्या जॅकोबाइट बंडाची स्मृती साहित्याने प्रामुख्याने दोन व्यक्तींभोवती जपली आहे. पराभूत राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट हा गीतांचा नायक झाला आणि विजयी सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंड याला लोकस्मृतीने खाटीक ठरविले. या दोघांच्या मध्ये उभा असलेला कोर्ट ऑफ सेशन या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा अध्यक्ष डंकन फोर्ब्ज मात्र गीतांचा विषय झाला नाही. वस्तुतः बंड मर्यादित राखण्यात त्याचा वाटा फार मोठा होता आणि बंडानंतरच्या अत्याचारांना सत्तेच्या आतून विरोध करणाऱ्या मोजक्या व्यक्तींत त्याची गणना करावी लागते.

फोर्ब्जचा जन्म १६८५ मध्ये इन्व्हर्नेसजवळच्या एका जमीनदार घराण्यात झाला. कलोडन ही त्या घराण्याची मुख्य जहागीर. १६८८ च्या राज्यक्रांतीत स्टुअर्ट राजा दुसरा जेम्स पदच्युत झाला, तेव्हा फोर्ब्ज घराण्याने नव्या राजवटीचा पक्ष घेतला. जेम्सच्या अनुयायांनी, म्हणजेच जॅकोबाइटांनी, सूडापोटी त्यांच्या मालमत्तेची नासधूस केली. भरपाई म्हणून स्कॉटिश पार्लमेंटने १६९० मध्ये या घराण्याला फेरिन्टॉश येथे अल्पशा वार्षिक रकमेच्या मोबदल्यात करमुक्त मद्य गाळण्याचा हक्क दिला. घराण्याच्या राजनिष्ठेची किंमत आणि तिचा लाभ अशा दोन्ही गोष्टी फोर्ब्जने बालपणापासून पाहिल्या होत्या.

एडिंबरो व हॉलंडमधील लायडन येथे कायद्याचा अभ्यास करून तो १७०९ मध्ये वकील झाला. १७१५ च्या पहिल्या मोठ्या बंडात त्याने व त्याचा वडील बंधू जॉन याने कलोडनचे रक्षण केले आणि इन्व्हर्नेस परत मिळविण्यात भाग घेतला. या कामी फ्रेझर कुळाचा प्रमुख सायमन फ्रेझर, लॉर्ड लोव्हॅट, त्यांच्या बाजूस होता. बंड मोडल्यावर स्कॉटिश कैद्यांवर इंग्लंडमधील कार्लाइल येथे खटले चालविण्याचे सरकारने ठरविले. त्या सुमारास सरकारी वकिलाचा साहाय्यक असलेल्या फोर्ब्जला हे मान्य नव्हते. स्कॉटिश माणसाचा न्याय स्कॉटलंडच्या कायद्याने, स्कॉटलंडच्या भूमीवर झाला पाहिजे, अशी त्याची धारणा होती. ज्यांच्याशी तो शस्त्र घेऊन लढला होता, त्याच कैद्यांच्या मदतीसाठी त्याने निधी जमविला. सौम्य धोरणाची मागणी करणारे, वॉलपोलला उद्देशून लिहिलेले एक निनावी पत्रही त्याचेच मानले जाते.

पुढे तो पार्लमेंटचा सदस्य झाला आणि १७२५ मध्ये लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे स्कॉटलंडचा प्रमुख सरकारी वकील. त्याच वर्षी माल्टवरील करामुळे ग्लासगोत दंगल उसळली, तेव्हा त्याने शहराच्या दंडाधिकाऱ्यांनाच अटक करविली. परंतु पुढे एडिंबरोच्या बाबतीत त्याची भूमिका वेगळी दिसते. १७३६ मध्ये तेथील जमावाने शहररक्षक दलाचा कप्तान पोर्टियस याला तुरुंगातून ओढून काढून फाशी दिले. संतप्त झालेल्या लंडनच्या पार्लमेंटने शहराचे रक्षक दल बरखास्त करण्याची व वेशीचे दार पाडून टाकण्याची तरतूद असलेले विधेयक आणले. अधिकारपद धोक्यात घालून फोर्ब्जने या विधेयकाला विरोध केला. अखेरीस शिक्षा २,००० पौंडांचा दंड व नगराध्यक्षाची अपात्रता एवढ्यावरच थांबली. या दोन भूमिकांत वरवर पाहता विसंगती वाटते. परंतु कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारणे ही एक गोष्ट आणि काही जणांच्या अपराधाबद्दल संपूर्ण नगराला अपमानित करणे ही दुसरी, हा भेद त्याच्या मनाशी स्पष्ट होता. सर वॉल्टर स्कॉटच्या १८१८ मधील द हार्ट ऑफ मिडलोदियन या कादंबरीचा प्रारंभ याच पोर्टियस प्रकरणाने होतो.

१७३७ मध्ये लॉर्ड प्रेसिडेंट झाल्यावर त्याने तुंबलेले खटले निकाली काढून न्यायालयाच्या कामकाजाला शिस्त लावली. न्यायासनाबाहेरही त्याचा व्यासंग विस्तृत होता. हिब्रूचा अभ्यास करून त्याने धर्मविषयक पुस्तिका लिहिल्या. देशी उद्योगांचा पुरस्कार करताना चहाच्या वाढत्या व्यसनावर त्याने कडाडून टीका केली. ऋतुवर्णनपर काव्याचा कर्ता जेम्स टॉमसन याचा तो स्नेही व आश्रयदाता होता आणि टॉमसनने आपल्या काव्यात त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे.

याच काळात, स्पेनशी युद्धाची चिन्हे दिसू लागली असता, त्याने एक महत्त्वाची सूचना केली. हायलँड या डोंगराळ प्रदेशातील कुळांच्या पलटणी सरकारने स्वतःच उभाराव्यात. ज्यांना सन्मानाने सेवेत घेतले जाईल ते बंडाकडे वळणार नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. तो त्या वेळी स्वीकारला गेला नाही. १७५७ नंतर थोरल्या पिटच्या कारकिर्दीत हेच धोरण मोठ्या प्रमाणावर अमलात आले. अशा पलटणींचा पुढील प्रवास भारतापर्यंत पोहोचतो. १८०३ मध्ये असईच्या रणभूमीवर मराठी फौजांसमोर ७४ वी व ७८ वी हायलँड पलटण उभी होती. एका जित समाजाला आपलेसे करण्याचा हा मार्ग दुसऱ्या समाजाला जिंकण्याचे साधन झाला, हा इतिहासाचा विपर्यास या संदर्भात नोंदवणे आवश्यक आहे.

ऑगस्ट १७४५ मध्ये चार्ल्सने ग्लेनफिनन येथे निशाण उभारले. फोर्ब्ज तातडीने कलोडनला गेला. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, पैसाही अपुरा होता. होती ती केवळ कुळप्रमुखांशी असलेली दीर्घकालीन ओळख आणि शब्दाची पत. त्याने पत्रांमागून पत्रे धाडली. कोणाला नात्याची आठवण दिली, कोणाला परिणामांची जाणीव करून दिली. स्काय बेटावरील मॅक्लाउड व स्लीटचा मॅक्डॉनल्ड हे दोन बलाढ्य प्रमुख त्यामुळे बंडापासून दूर राहिले. सरकारने पाठविलेल्या कोऱ्या सनदांच्या आधारे त्याने स्वतंत्र तुकड्या उभारल्या. खर्चाचा मोठा भार त्याने स्वतःच्या पदरचे पैसे घालून व कर्ज काढून उचलला. तीस वर्षांपूर्वीचा सहकारी लोव्हॅट मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवून होता. राजनिष्ठेची पत्रे पाठवीत असतानाच त्याने आपल्या मुलाला कुळासह बंडात धाडले. ऑक्टोबरमध्ये फ्रेझरांनी कलोडनच्या वाड्यावर हल्लाही केला, पण तो फसला.

फेब्रुवारी १७४६ मध्ये जॅकोबाइट सेना इन्व्हर्नेसवर चालून आली. फोर्ब्जला उत्तरेकडे व तेथून स्कायला माघार घ्यावी लागली. १६ एप्रिलला कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत बंडाचा शेवट झाला, तेव्हा तो तेथे नव्हता. युद्धापूर्वी राजपुत्राचा मुक्काम फोर्ब्जच्याच वाड्यात होता.

युद्धानंतर जखमींची कत्तल झाली, गावे जाळली गेली, गुरे हाकून नेली गेली. परत आलेल्या फोर्ब्जने कंबरलंडला देशाच्या कायद्याची आठवण करून दिली. त्यावर ड्यूकने, आपली पलटणच कायदा देईल, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि माणुसकीच्या गोष्टी सांगणारी म्हातारी म्हणून त्याची हेटाळणी केली, असे सांगितले जाते. हायलँडच्या पारंपरिक वेशावरील बंदीही फोर्ब्जला पसंत नव्हती. शस्त्रे काढून घ्यावीत, पण थंडीवाऱ्यात राबणाऱ्या माणसाचा सोयीचा पेहराव हिरावून घेऊ नये, असे त्याचे मत होते. बंदी तरीही लागू झाली आणि १७८२ पर्यंत टिकली. सरकारच्या बाजूने लढलेला गेलिक कवी डंकन बॅन मॅकिंटायर यानेही पुढे या बंदीविरुद्ध रचना केली, हे लक्षणीय आहे.

एप्रिल १७४७ मध्ये लोव्हॅटचा लंडनमध्ये शिरच्छेद झाला. त्याच वर्षी १० डिसेंबरला फोर्ब्जचे एडिंबरोत निधन झाले. पदरचे खर्च केलेले पैसे सरकारने त्याला पुरतेपणी कधीच परत केले नाहीत. ज्या सत्तेसाठी त्याने सर्वस्व पणाला लावले, तिने त्याची सेवा घेतली आणि सल्ला नाकारला. तो निष्ठावंत होता याविषयी शंका नाही. परंतु कायदा जितक्या कठोरपणे बंडखोराला बांधतो तितक्याच कठोरपणे विजेत्यालाही बांधतो, ही त्या निष्ठेमागची अट होती. सत्तेला निष्ठा हवी होती, अट नको होती.

रूबियाक या शिल्पकाराने घडविलेला त्याचा संगमरवरी पुतळा वकिलांच्या संस्थेने १७५२ मध्ये एडिंबरोच्या पार्लमेंट हाउसमध्ये उभारला. त्याचा पत्रव्यवहार कलोडन पेपर्स या नावाने १८१५ मध्ये, म्हणजे याच बंडावरील स्कॉटच्या वेव्हर्ली कादंबरीनंतर एका वर्षाने, प्रसिद्ध झाला. स्कॉटने त्या ग्रंथावर विस्तृत परीक्षण लिहिले. बंडाच्या काळात माणसे कशी डळमळली, कोणी शब्द पाळला आणि कोणी फिरविला, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकाला आजही गीतांइतकीच या पत्रांचीही गरज पडते.