डॉ. कमला सोहोनी

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर कॉलेजचा जिना चढताना मला धाप लागू लागली. हिंगोलीला रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८ निघाले. लोहाच्या गोळ्यांनी मळमळे, म्हणून मी त्या पेटीत टाकून दिल्या. त्याच सुमारास वाचनालयात डॉ. कमला सोहोनींची ओळख झाली.

दुर्गाबाई भागवत आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. कमलाबाई त्यांच्या धाकट्या भगिनी. जन्म १९११, इंदूर. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहू, या अटीवर त्यांना घेतले. दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन करून त्यांनी ती अट फोल ठरविली आणि पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली.

पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखविले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

हे सायटोक्रोम म्हणजे लोहाचा अणू बाळगणारे प्रथिन. पेशीतील तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियात, ते इलेक्ट्रॉन पुढे पोहोचविते आणि अन्नातून शक्ती निर्माण होते. म्हणजे लोह केवळ रक्तासाठी नव्हे, प्रत्येक पेशीच्या चुलीसाठी लागते. मात्र मोकळे लोह पेशीला घातकही ठरते. म्हणून जास्तीचे लोह पेशी फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या कोठारात ठेवते. तुटवडा पडला की साठवण कमी करून लोह आत घेणारी दारे वाढविते. यकृतातील हेप्सिडिन आतड्यातून किती लोह रक्तात जावे, यावर लगाम ठेवते. आज ठाऊक झालेला हा हिशेब वाचून मी थक्क झालो.

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी गरिबाच्या ताटाचा ध्यास घेतला. नीरेतील जीवनसत्त्वे व लोह यांचा अभ्यास करून कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांना तिचा लाभ होतो, असे त्यांनी दाखविले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या त्या संचालिका झाल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

माझी आई दुपारी ओट्यावर टेकते, तो तिचा आळस, असे आम्ही भावंडे म्हणत असू. गोळ्या मी पेटीतून काढल्या आणि दुसऱ्या दिवशी आईलाही रक्त तपासायला नेले. तिचे ७ निघाले.