कोंडी होऊ न देणारा गणिती

आमच्या सुरतेत जुन्या डच व्यापाऱ्यांच्या भव्य कबरी आजही उभ्या आहेत. ज्या देशातून ते व्यापारी तापीच्या तीरी आले, त्याच देशात, रॉटरडॅम शहरी, ११ मे १९३० रोजी एड्सगर डाइकस्ट्रा यांचा जन्म झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. विद्येचा वारसा घरातच होता.

लायडन विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत असतानाच, १९५२ साली, ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात संगणकासाठी आज्ञावली रचू लागले. हा व्यवसाय तेव्हा इतका अपरिचित होता की, १९५७ मध्ये त्यांच्या विवाहाच्या नोंदीत तो मान्य झाला नाही. तेथे पदार्थवैज्ञानिक असे लिहावे लागले! तत्पूर्वीच, १९५६ साली, दोन गावांमधील सर्वांत जवळची वाट शोधण्याची प्रसिद्ध रीत त्यांना सुचली होती.

१९६२ मध्ये ते आइंडहोवेन येथे प्राध्यापक झाले. तेथे एका निराळ्याच कोड्याने त्यांचे मन वेधले. आमच्या कापडबाजारातील एखादा चौक डोळ्यांपुढे आणावा. चारी बाजूंनी हातगाड्या शिरतात. प्रत्येकीची वाट दुसरीने अडवलेली असते. चूक कोणाचीच नाही, तरी सारेच खोळंबतात. संगणकातही असेच घडते. एक काम एक साधन धरून दुसऱ्याची वाट पाहते, आणि ते दुसरे साधन धरून बसलेले काम पहिल्याची!

डाइकस्ट्रांनी यावर सोपा नियम दिला. सर्व साधनांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाने ती चढत्या क्रमानेच घ्यावीत. मग सर्वांत वरचा क्रमांक ज्याच्या हाती असतो, त्याला पुढचे साधन मोकळेच मिळते. त्याचे काम उरकते, त्याची साधने सुटतात आणि इतरांचीही वाट खुली होते. वाट पाहण्याचे वर्तुळ कधी पुरे होतच नाही.

पुढे अनेक संगणक एकत्र जोडून काम करू लागले, तेव्हा त्यांच्यामधील संदेशांचीही अशीच कोंडी होऊ लागली. १९८७ साली विल्यम डॅली व चार्ल्स साइट्झ यांनी संदेशांच्या मार्गांना क्रमांक देऊन ती टाळण्याची रीत मांडली. तिचे मूळ तत्त्व तेच, क्रमाचे!

१९७२ साली डाइकस्ट्रांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार लाभला. १९८४ पासून त्यांनी अमेरिकेत, ऑस्टिन येथील विद्यापीठात अध्यापन केले. संगणकाचा हा आचार्य आपले लेख मात्र शाईच्या लेखणीने, सुवाच्य अक्षरांत लिहीत असे. अशी तेराशेहून अधिक टिपणे मागे ठेवून ६ ऑगस्ट २००२ रोजी मायदेशी त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली.

अडल्यावर धडपडण्यापेक्षा, अडणारच नाही असा नियम आधीच विचारपूर्वक ठरवावा, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. शाळेच्या दारात घंटेनंतर होणारी आम्हां सर्वांची रेटारेटी आठवली, म्हणजे त्या नियमाचे मोल आम्हांस अधिकच पटते.