कोलंबियाने ओळखले, देशाने उशिरा

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम. ए. झाले. पुढे तेथूनच पीएच.डी. मिळवली.

हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली. लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव घडवून आणला गेला. अशा वेळी ५ जून १९५२ रोजी त्याच कोलंबियाने आपल्या या माजी विद्यार्थ्याला एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. घटना घडवणाऱ्या, मानवी हक्कांसाठी झुंजणाऱ्या देशसेवकाचा तो गौरव होता. इथल्या व्यवस्थेला मात्र भारतरत्न द्यायला १९९० साल उजाडावे लागले.

शिष्यवृत्तीवर शिकलेल्या बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाताच अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारकडून निधी मिळवला. स्वतः वर चढलेल्याने मागच्याला हात द्यायचा, ही त्यांची देशसेवा. म्हणून पदव्या घेऊन स्थिरावलेल्या आमच्या बांधवांना आम्ही एवढेच विचारतो : तुमच्या हाताला धरून समाजाची किती मुले शिकली?