पाच वेधशाळांचा राजा

जयसिंग हे नाव काढले की मराठी माणसाला पुरंदरचा तह आठवतो. 1665 साली शिवछत्रपतींकडून तेवीस किल्ले घेणारे मिर्झाराजे जयसिंग आपल्या घराघरांतून ठाऊक आहेत. आज ज्यांच्याविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे ते जयसिंग मात्र हे नव्हेत. ते त्यांचे खापरपणतू, जयपूर वसविणारे सवाई जयसिंग. दोघांची गल्लत आपल्याकडे नेहमी होते आणि त्या गल्लतीत धाकट्या जयसिंगांचे मोठेपण झाकून जाते.

सवाई जयसिंगांचा जन्म 1688 च्या नोव्हेंबरात आमेर येथे झाला. वडील बिशनसिंग वारले तेव्हा मुलगा जेमतेम अकरा वर्षांचा होता. त्या कोवळ्या वयात गादी आली आणि गादीबरोबर औरंगजेबाची चाकरीही आली. करवीरकर वाचकांना विशेष वाटावे अशी गोष्ट ही, की या राजपुत्राची पहिली मोठी लढाई आपल्याच मुलखात झाली. 1702 साली मोगलांनी खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, वेढला होता. त्या वेढ्यात हा तेरा वर्षांचा राजा आपल्या राजपुतांसह हजर होता. सह्याद्रीचा पाऊस, चिखल आणि मराठ्यांचा मारा यांची ओळख त्याला अशी लहानपणीच झाली.

पुढे मोगल दरबारात अनेक उलथापालथी झाल्या. त्यांतून निभावून जयसिंग मोठे सुभेदार झाले. माळव्याचा सुभा त्यांच्याकडे एकाहून अधिक वेळा आला. मराठ्यांशी त्यांचे संबंध लढाईचे तसेच सलोख्याचेही होते. 1735 साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस गेल्या तेव्हा जयसिंगांनी त्यांचा मोठा आदरसत्कार केला. पुढच्याच वर्षी खुद्द बाजीराव त्यांना भेटले. 1741 साली नानासाहेब पेशव्यांची आणि त्यांची धोलपुरास भेट झाली आणि माळव्याच्या प्रश्नाचा निकाल मराठ्यांच्या बाजूने लागला. त्यात जयसिंगांचा हात होता.

राजकारणाच्या या धकाधकीत त्यांच्या मनात मात्र निराळेच वेड घर करून होते. पंचांगात लिहिलेली ग्रहांची जागा आणि आकाशात दिसणारी जागा जुळत नाही, ही गोष्ट त्यांना सलत होती. ग्रहणाची वेळ चुकते, उदयास्त चुकतात, मग ज्या वेळेवर सारे धर्मकार्य आणि व्यवहार चालतात त्या वेळेचा भरवसा काय? जुने कोष्टक नवे करावयाचे तर आकाश पुन्हा मोजले पाहिजे. त्यांनी हा विचार बादशहा महंमदशहापुढे मांडला आणि 1724 साली दिल्लीस पहिली वेधशाळा उभी राहिली.

आरंभी त्यांनी पितळेची यंत्रे करून पाहिली. पण लहान यंत्रावर अंशांचे बारीक भाग पाडता येत नाहीत, आस झिजतो, वर्तुळ लवते. म्हणून त्यांनी दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. जयपूरचे मोठे सम्राट यंत्र सुमारे 90 फूट उंच आहे. त्याच्या तिरक्या भिंतीची सावली बाजूच्या वर्तुळखंडावर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. उभे राहून पाहणाऱ्याला काळ चालताना डोळ्यांनी दिसतो.

आता मुख्य मुद्दा. एक वेधशाळा झाली तरी जयसिंगांचे समाधान झाले नाही. दिल्लीपाठोपाठ जयपूर, उज्जयिनी, मथुरा आणि काशी अशा आणखी चार ठिकाणी त्यांनी वेधशाळा उभारल्या. ही राजाची हौस नव्हती. गवंड्याची ओळंब्यात चूक झाली, जमीन खचली, निरीक्षकाची नजर चुकली, तर एकाच यंत्रावरून ती चूक कळणार कशी? तेच यंत्र शंभर वेळा वापरले तर तीच चूक शंभर वेळा होईल. पण निराळ्या गावी, निराळ्या कारागिरांनी बांधलेल्या, निराळ्या माणसांनी वापरलेल्या यंत्रांनी तेच उत्तर दिले, तर ते खरे मानावयास हरकत नाही.

मी राहतो ते डिचोली हे गोव्यातले गाव. तेथून रात्री उत्तरेकडे पाहिले तर ध्रुवतारा क्षितिजावर साडेपंधरा अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीत सुमारे दहा अंश झाकतात. म्हणजे आमचा ध्रुव दीड मुठीवर. कोल्हापुरास तो किंचित वर, पावणेसतरा अंशांवर. उज्जयिनीस तेवीस, जयपुरास सत्तावीस, दिल्लीस साडेअठ्ठावीस, म्हणजे जवळजवळ तीन मुठी. सम्राट यंत्राच्या भिंतीचा उतार नेमका याच अंशाचा ठेवावा लागतो. म्हणून जयपूरचे यंत्र उचलून उज्जयिनीस नेता येत नाही. प्रत्येक गावाला आपले यंत्र वेगळे.

वेळेचेही तसेच. चंद्रग्रहण लागले की ते डिचोली, उज्जयिनी आणि काशी येथे एकाच क्षणी दिसते. पण त्या क्षणी प्रत्येक गावचे घटिकापात्र वेगळी वेळ दाखविते, कारण पूर्वेकडे सूर्य आधी डोक्यावर येतो. उज्जयिनी आणि काशी यांच्यात सुमारे एक घटका बारा पळांचे अंतर पडते, डिचोली आणि उज्जयिनी यांच्यात अठरा पळांचे. दोन्ही ठिकाणी वेध घेण्याचे आधी ठरवून, दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे दोन गावांतील रेखांशाचे अंतर कळते. दर ग्रहणाला तेच अंतर आले तर दोन्हीकडचे वेध बरोबर. निराळे आले तर कोणीतरी चुकले. पाच ठिकाणच्या वेधांतून स्थळांचा फरक वजा केला तेव्हा ते जुळले, असा निर्वाळा जयसिंगांनी आपल्या फारसी कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत दिला आहे. त्या ग्रंथाचे नाव झीज-इ-महंमदशाही. शिवाय ढग ही अडचण आहेच. आमच्या डिचोलीत चार महिने आकाश दिसत नाही म्हटले तरी चालेल. पाच शहरांवर एकदम ढग येणे त्या मानाने विरळ.

या कामाला माणसेही तशीच लागली. त्यांत अग्रभागी होते पंडित जगन्नाथ सम्राट. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय ब्राह्मण मानते. त्यांनी अरबी शिकून टॉलेमीचा ग्रंथ सम्राटसिद्धान्त या नावाने आणि युक्लिडची भूमिती रेखागणित या नावाने संस्कृतात आणली. शेजारी मुसलमान ज्योतिषी होते आणि पुढे ख्रिस्ती पाद्रीही आले.

गोव्याचा संबंध येतो तो येथे. युरोपात दुर्बिणींनी वेध घेतात, हे ऐकून जयसिंगांनी पाद्री मान्युएल द फिगेरेदो यांच्याबरोबर आपली माणसे पोर्तुगालला धाडली. गोव्यावरून निघालेली ही मंडळी 1729 साली लिस्बनला पोचली आणि 1731 च्या सुमारास परतली. त्या काळी डिचोली महाल सावंतवाडीकर भोसल्यांचा होता आणि पोर्तुगिजांशी त्यांच्या झटापटी चालू होत्या. आमच्याकडे तलवारी खणखणत असताना मांडवीच्या मुखातून कोष्टकांचे एक पुस्तक जयपुरास चालले होते, हे मनात येऊन मला नेहमी नवल वाटते.

ते पुस्तक फ्रेंच ज्योतिषी ला हिर यांचे. त्याच्याबरोबर द सिल्व्हा नावाचा एक पोर्तुगीजही आला. तो जयपुरासच राहिला आणि त्याचा वंश तेथे नांदला. जयसिंगांनी परदेशी पुस्तक डोळे मिटून स्वीकारले नाही. आपल्या वेधांशी ताडून पाहता त्यांना चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची तफावत दिसली. अर्धा अंश म्हणजे चंद्रबिंबाची स्वतःची रुंदी. कसलेल्या निरीक्षकाला ती कशी खपावी? पुढे 1734 साली चंद्रनगरहून फ्रेंच पाद्री आले. 1740 साली गोव्याच्या वाटेने दोन जर्मन पाद्रीही जयपुरास पोचले.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जयसिंगांपाशी दुर्बिणी होत्या. शुक्राच्या कला आणि गुरूचे चार चंद्र त्यांना ठाऊक होते. पण मोजमापासाठी त्यांचा विश्वास दगडी यंत्रांवर आणि नुसत्या डोळ्यांवर राहिला. युरोपात तोवर दुर्बीण मोजयंत्राला जोडली गेली होती आणि न्यूटनचे गणित प्रसिद्ध होऊन चाळीस वर्षे लोटली होती. पाद्र्यांच्या हातून ते गणित जयपुरास पोचले नाही.

1743 च्या सप्टेंबरात जयसिंग वारले आणि सारे ओसरले. मुलांमध्ये गादीचा तंटा पेटला. त्या तंट्यात आपले होळकर आणि शिंदेही खंडणीच्या मिषाने उतरले आणि 1750 च्या डिसेंबरात होळकरांची फौज जवळ येताच ईश्वरीसिंगांनी विष घेतले. हे लिहिताना मराठी माणसाने मान खाली घालावी, असे मला वाटते. अशा धामधुमीत पाच शहरांत कोणी कोणत्या रात्री कोणता तारा पाहावा हे ठरविणार कोण? यंत्रे उभी राहिली, पण त्यांना एकत्र बांधणारी आज्ञा गेली. मथुरेची वेधशाळा एकोणिसाव्या शतकात पाडलीही गेली. उज्जयिनीची वेधशाळा मात्र 1923 साली माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करविली. पूर्वजांचे थोडे तरी ऋण तेथे फिटले म्हणावयाचे. जयपूरची वेधशाळा 2010 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली.

जयसिंगांची कल्पना मात्र मेली नाही. लडाखात हानले येथे 2018 साली सत्तर सेंटिमीटर आरशाची एक दुर्बीण सुरू झाली. बंगळूरची ताराभौतिकी संस्था आणि मुंबईचे आय.आय.टी. यांनी ती उभारली. पृथ्वीच्या निरनिराळ्या रेखांशांवरील दुर्बिणींच्या मालिकेतला तो एक मणी. एकीकडे उजाडले की पश्चिमेकडची दुर्बीण तोच तारा हाती घेते. कोणी केव्हा पाहावे याचा आराखडा संगणक करतो. काम तेच, फक्त सांडणीस्वाराच्या जागी विजेची तार आली.

अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीचे ऊन देवीच्या चरणांवर केव्हा येते, हे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या करवीरकरांना वेधाची गोडी वेगळी सांगावयास नको. उज्जयिनीस महाकालाच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळ जण जातात. तेथून क्षिप्रेकाठची वेधशाळा फार दूर नाही. विशाळगड घ्यावयास आलेल्या मुलाने पुढे काय बांधले, ते पाहावयाला तासभर काढावा. दुपारी बारा वाजण्याच्या सुमारास गेले तर सावली सरकताना दिसेल.