हंगामी गव्हर्नर-जनरल सर चार्ल्स मेटकाफ

राज्यकारभाराचे यंत्र अखंड चालू असते. परंतु ते चालविणारी माणसे आजारी पडतात, रजेवर जातात, स्वदेशी परततात. कंपनी सरकारच्या अमदानीत विलायतेहून नवा अधिकारी गलबताने येण्यास कित्येक महिने लागत. तोवर रिकाम्या जागी बसणारा तो हंगामी अधिकारी. अशाने चालू काम निभावावे, नवे काही आरंभू नये, असा सर्वसाधारण समज असतो. तो समज ज्यांनी बाजूस सारला, त्या मेटकाफसाहेबांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म ३० जानेवारी १७८५ रोजी कलकत्त्यास झाला. ईटन येथे शिकून ते १८०१ साली हिंदुस्थानात परतले व फोर्ट विल्यम कॉलेजात एतद्देशीय भाषा शिकले. १८०९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी महाराजा रणजितसिंगाशी अमृतसरचा तह घडवून आणला. पुढे ते दिल्ली व हैदराबाद येथे रेसिडेंट होते.

मार्च १८३५ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे लॉर्ड विल्यम बेंटिंक स्वदेशी निघाले. मेटकाफ तेव्हा नव्या आग्रा प्रांताचे गव्हर्नर होते. बेंटिंक यांच्या जागी मेटकाफ आले आणि मेटकाफ यांच्या जागी ब्लंट. एका बदलीतून दुसरी बदली निघाली. तिकडे विलायतेत मंत्रिमंडळ पालटले. लॉर्ड हेट्सबरी यांची नेमणूक रद्द होऊन लॉर्ड ऑकलंड यांची झाली. त्यामुळे ही हंगामी कारकीर्द सुमारे वर्षभर लांबली.

१८२३ साली जॉन ॲडम यांनी वृत्तपत्रांवर परवान्याचे निर्बंध घातले होते. नवल हे की, तेही हंगामी गव्हर्नर-जनरलच होते! त्या निर्बंधांच्या निषेधार्थ राजा राममोहन राय यांनी आपले फारसी पत्र बंद केले. एका हंगामी अधिकाऱ्याने घातलेली ही बेडी दुसऱ्याने तोडली. मेकॉलेसाहेबांनी कायद्याचा मसुदा केला आणि १५ सप्टेंबर १८३५ पासून मुद्रणस्वातंत्र्य अमलात आले. मुंबईत १८३२ पासून बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' निघत होते. आपल्या इलाख्यातील पत्रांनाही या कायद्याचा लाभ झाला.

निर्णय कायम अधिकाऱ्यावर सोपवून मेटकाफ यांना स्वस्थ बसता आले असते. तसे न केल्याचे मोल त्यांना द्यावे लागले. कंपनीचे डायरेक्टर रुष्ट झाले. मद्रासचे गव्हर्नरपद त्यांना मिळाले नाही आणि १८३८ साली ते नोकरी सोडून गेले. लोकांनी मात्र वर्गणी जमवून कलकत्त्यास 'मेटकाफ हॉल' ही भव्य इमारत उभारली. पुढे जमेका व कॅनडा येथील कारभार त्यांनी पाहिला. गालावरील कर्करोगाच्या असह्य वेदना सोशीत १८४५ पर्यंत ते कामावर होते. १८४६ साली त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, वर्गनायक गैरहजर असता एका दिवसापुरते त्याचे काम तुमच्याकडे येते. अधिकाराची मुदत अल्प असली, म्हणून कर्तव्य अल्प होत नाही, हेच या चरित्राचे सार आम्हांस वाटते.