आधी मास्तर, मग विद्यार्थी

सकाळी कधी दिवाळ्याच्या मच्छी मार्केटमध्ये गेलायत? नसाल तर एकदा जाच. सीबीडी बेलापूरच्या काचेच्या ऑफिसांपासून आमचं गाव लांब नाही. म्हावरं विकणाऱ्या एखाद्या मावशीच्या शेजारी तिची लेक किंवा नवी सून बसलेली दिसेल. तिला कुणी नोट्स दिलेल्या नसतात. सुरुवातीला ती नुसता बर्फ फोडते, मासे धुऊन मांडते. मग कल्ले उघडून ताजं-शिळं ओळखायला लागते. चुकलं की मावशी तिथल्या तिथे सांगते. आणि एक दिवस मावशी चहाला उठते, तेव्हा गिऱ्हाईक तीच सांभाळते.

आता मेडिकलला असलेल्या तुमच्या एखाद्या मित्राला विचारा, वॉर्डातला पहिला दिवस कसा होता? पुस्तकातलं न्यूमोनियाचं पान पाठ असतं, पण समोर खोकणारे आजोबा असतात आणि त्यांना पहिला प्रश्न काय विचारायचा तेच सुचत नाही. पाठ असणं आणि जमणं यात केवढी दरी आहे, ते तिथे कळतं. ही दरी कशी पार करायची, हा वैद्यकीय शिक्षणातला सगळ्यात जुना प्रश्न. आपल्याकडे तो ज्यांनी पहिल्यांदा अंगावर घेतला, त्यातल्या एकाचं नाव तुम्ही शाळेच्या सहलीत वाचलेलं आहे. राणीच्या बागेशेजारचं म्युझियम आठवतं ना? तेच. डॉ. भाऊ दाजी लाड.

त्यांचं खरं नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या मांद्रे गावचा. घरची परिस्थिती बेताची. पोरगा बुद्धिबळात भारी होता. त्याची चमक एका इंग्रज माणसाने पाहिली आणि याला इंग्रजी शिकवा असं वडिलांना सुचवलं, अशी गोष्ट सांगतात. कुटुंब मुंबईला आलं आणि मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. पुढे कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर त्याने निबंध लिहिला, त्याला बक्षीस मिळालं. आणि जिथे शिकला तिथेच तो शिक्षक म्हणून लागला.

इथे जरा थांबा. विशीतला मुलगा, मुंबईतल्या नामवंत संस्थेत नोकरी, बक्षीस मिळाल्याने झालेलं नाव. आपल्या भाषेत सांगायचं तर लाइफ सेट! पण १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि हे मास्तर पुन्हा विद्यार्थी व्हायला निघाले.

हे धाडस का होतं, ते कळायला मागची गोष्ट हवी. मुंबईत १८२६ मध्येच एक वैद्यक शाळा निघाली होती आणि १८३२ मध्ये ती बंदही पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी मेडिकल कॉलेजचा विषय लावून धरला, पण १८३८ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहावं म्हणून ज्याने जिवापाड खटपट केली, तो एक स्कॉटिश डॉक्टर होता, चार्ल्स मोरहेड. एडिंबरामध्ये शिकलेला, आणि नंतर पॅरिसमध्ये पिएर लुई यांच्या हाताखाली काम केलेला. लुई यांचा आग्रह साधा होता. रुग्णाजवळ जा, नीट बघा, लिहून ठेवा, मोजा आणि मगच मत बनवा. मोरहेड कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले, आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे.जे. हॉस्पिटलचे पहिले फिजिशियनसुद्धा. म्हणजे वर्गात शिकवणारा आणि वॉर्डात उपचार करणारा माणूस एकच! विद्यार्थ्यांचा अर्धा वर्ग रुग्णाच्या खाटेजवळच भरायचा.

भाऊ दाजी या कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. प्रार्थना समाज स्थापन करणारे डॉ. आत्माराम पांडुरंग त्यांचे सहाध्यायी. १८५१ मध्ये ही मंडळी पास होऊन बाहेर पडली. तेव्हा मुंबई विद्यापीठसुद्धा नव्हतं, ते आलं १८५७ मध्ये.

आता थोडी थिअरी. घाबरू नका, सेमिस्टरला येणार नाहीये. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये मांडलं, की माणूस अनुभवातून चार पायऱ्यांनी शिकतो. आधी अनुभव घ्यायचा, मग त्यावर विचार करायचा, त्यातून नियम काढायचा, आणि तो नियम पुढच्या वेळी वापरून बघायचा. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी डॉक्टरांसाठी चार थरांचा पिरॅमिड काढला. तळाला माहीत असणं, त्यावर कसं करायचं ते माहीत असणं, त्याच्यावर करून दाखवणं, आणि टोकाला रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. लेखी परीक्षा बहुतेक खालचे दोन थरच तपासते. १९९१ मध्ये जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी शिंपी, सुईणी अशा लोकांच्या शिकण्यावर लिहिलं. नवखा माणूस कडेला बसून छोटं, पण खरं काम करतो आणि हळूहळू मध्ये सरकतो, हे त्यांचं म्हणणं. दिवाळ्याच्या मार्केटमधली ती सून आठवली ना?

यातलं एकही नाव भाऊ दाजींच्या कानावर पडलेलं नव्हतं. पण जे.जे.च्या वॉर्डातली सवय त्यांना आयुष्यभर पुरली. भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. संस्कृत वैद्यकग्रंथ वाचताना त्यात लिहिलंय म्हणून औषध खरं असं त्यांनी मानलं नाही, आणि जुनं म्हणून फेकूनही दिलं नाही. रुग्णांवर वापरून पाहिलं. हीच नजर घेऊन ते अजिंठ्यात गेले आणि तिथले शिलालेख वाचले. मुलींच्या शाळेसाठी झटले, बॉम्बे असोसिएशनचं काम केलं, १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. म्युझियमसाठी वर्गणी गोळा करण्यातही ते पुढे होते.

पण या गोष्टीत एक दुखरी जागा आहे आणि ती टाळून चालणार नाही. भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर मोठं काम केलं. तेव्हा हा रोग म्हणजे घरातून आणि गावातून हद्दपारी. कडूकवठाच्या वर्गातल्या बियांच्या तेलावर त्यांचा भर होता, आणि लांबलांबून रुग्ण त्यांच्याकडे येत. मात्र औषधाची पूर्ण कृती त्यांनी वेळेवर जाहीर केली नाही. त्यावरून टीका झाली. ३१ मे १८७४ रोजी ते गेले, आणि इतक्या वर्षांचं काम इतरांच्या हाती जसं पडायला हवं होतं तसं पडलं नाही. या जातीच्या झाडांचं तेल पुढे कितीतरी वर्षं, १९४० च्या दशकात नवी औषधं येईपर्यंत, जगभर कुष्ठरोगावर वापरलं गेलं.

त्यांचं चुकलं का? मला वाटतं, हो. पूर्ण खात्री होईपर्यंत बोलायचं नाही, ही शिस्त समजू शकते. पण ते ज्या पद्धतीने शिकले तिचं अर्धं बळ दाखवण्यात होतं. मोरहेड खाटेजवळ मुलांच्या देखत रुग्ण तपासत होते, म्हणून मुलं शिकली. पडद्याआड केलेलं काम कितीही चांगलं असो, शेजारी कुणी बसलेलं नसेल तर ते त्या माणसाबरोबर संपतं.

आज काय चित्र आहे? २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांची रुग्णांशी गाठ घालून द्यायची आहे. कागदावर हे छान आहे. पण वॉर्डाच्या राउंडला एका खाटेभोवती घोळका उभा असेल, आणि मागच्या रांगेतल्या मुलीला ना रुग्ण दिसत असेल ना सरांचा आवाज ऐकू येत असेल, तर ती पुन्हा पुस्तकाकडेच वळणार. तिचं नुकसान उद्या तिच्या रुग्णाला भरावं लागेल.

तुम्ही मेडिकलला नसाल, तरी हे तुमचं आहे. इंटर्नशिपला लागलात की छोटं का होईना, खरं काम मागा. मी मागितलं, तेव्हा आधी चार ओळींची बातमी मिळाली आणि ती तीनदा परत आली. आणि उद्या तुम्ही सीनियर झालात की शेजारी कुणाला तरी बसवून घ्या.

एखाद्या रविवारी बेलापूरहून हार्बर लोकल पकडा. सँडहर्स्ट रोडला उतरलात की जे.जे. जवळच आहे. ते बाहेरून बघा आणि मग भायखळ्याला म्युझियममध्ये जा. दारावरचं नाव या वेळी जरा सावकाश वाचा.