एका पैचा हिशेब आणि नाथांचं ध्यान



गेले काही दिवस आपण भागवताच्या एकादश स्कंधातला १४ वा अध्याय वाचतोय. ध्यान कसं करावं हे भगवंत उद्धवाला सांगतात, तो भाग. त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. डोळे मिटले की दोन मिनिटांत ऑफिसचं काम आठवतं, मग रोज बसायचं तरी कसं? म्हणून आज श्लोक बाजूला ठेवते आणि ज्यांनी हाच स्कंध मराठीत आणला, त्या नाथबाबांकडे तुम्हाला घेऊन जाते.

एकनाथ महाराज सोळाव्या शतकातले, पैठणचे. आईवडील लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवलं. बाराव्या वर्षाच्या आसपास गुरूच्या ओढीनं घर सोडलं आणि देवगिरीला जनार्दनस्वामींकडे पोचले. आता गंमत बघा. हे गुरू रानात राहणारे नव्हते. निजामशाहीतले किल्लेदार! फौज, दफ्तर, येणीजाणी सगळं सांभाळून दत्ताची उपासना करणारे. आणि शिष्याच्या वाट्याला काय आलं, तर किल्ल्याच्या हिशेबाचं काम.

पुढची गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. एकदा हिशेबात एका पैचा फरक येत होता. नाथ रात्री दिवा लावून वह्या घेऊन बसले. प्रहरामागून प्रहर गेले. झोप नाही, भूक नाही, आजूबाजूचं भान नाही. स्वामी उठून मागे येऊन उभे राहिले तरी पत्ता नाही. अखेर चूक सापडली आणि पोरानं आनंदानं टाळी वाजवली. तेव्हा स्वामी त्याला म्हणाले की एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद होतो, तर हेच चित्त भगवंताकडे लागलं तर काय होईल!

शाळेत ही गोष्ट आपल्याला चोखपणाचा धडा म्हणून सांगतात. मला मात्र ती पहिल्यापासून ध्यानाची गोष्ट वाटते. त्या रात्री नाथांना मन एकाग्र करायला कुणी शिकवलं नव्हतं. काहीतरी हरवलंय आणि ते मला हवंय, एवढं पुरेसं होतं. आपलंही तसंच आहे की. मार्चअखेरीला हिशेब जुळत नसला की आपणही रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर हलत नाही. म्हणजे मनाला बसता येतं. ते कशासाठी बसतं, एवढंच गुरूंनी दाखवून दिलं.

मग स्वामींनी त्यांना जवळच्या शूलीभंजनच्या डोंगरावर साधनेला पाठवलं. तिथल्या तपाच्या कितीतरी कथा आहेत, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की गुरूंनी त्यांना डोंगरावर ठेवून घेतलं नाही. पुढे तीर्थयात्रा झाली आणि मग आज्ञा झाली की पैठणला राहायचं, लग्न करायचं. गिरिजाबाई घरात आल्या. मुलं झाली, पाहुणे, भुकेले, वाटसरू यांचा राबता सुरू झाला. डोंगरावरचा काळ थोडा, हा संसार जन्मभराचा. आणि त्यातच रोजचा नेम: पहाटे उठणं, गोदावरीवर स्नान, पूजा, ग्रंथवाचन, दुपारी दारी आलेल्याला जेवण, रात्री कीर्तन. गावातून विरोध होता, तरी क्रम चालू.

या नेमाची परीक्षा घाटावरच झाली. नाथ स्नान करून निघाले की एक जण वरून त्यांच्यावर थुंकायचा. नाथ परत नदीवर जायचे. एके दिवशी हे १०८ वेळा झालं असं सांगतात. शेवटी तोच माणूस थकला आणि पाय धरून माफी मागू लागला, तर नाथांनी उलट त्याचेच आभार मानले, कारण एवढी गोदास्नानं एका दिवसात कुणाला घडतात? आकडा खरा की भक्तांनी वाढवलेला, यात मी शिरत नाही. पण सकाळच्या आसनावर जे कमावलं ते जिन्यावर, लिफ्टमध्ये, ट्रेनच्या दारात टिकतं का, हे बघायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

अशा माणसानं आपला अध्याय मराठीत उतरवला. पैठणला सुरू झालेली टीका वाराणसीत १५७३ साली पुरी झाली. मूळ भागवतात विधी किती साधा आहे बघा. आसन फार उंच नको, फार सखल नको. पाठ ताठ, हात मांडीवर, दृष्टी नाकाच्या शेंड्याकडे. प्राणायाम दिवसातून तीनदा, दर वेळी दहा, म्हणजे महिन्याच्या आत श्वास ताब्यात येतो. मग हृदयकमळात भगवंताची मूर्ती. आधी सगळं रूप डोळ्यांसमोर आणायचं, नंतर बाकी सोडून फक्त हसरं मुख.

तीनदा जमत नसेल तर सकाळी एकदा बसा, पण जागा आणि वेळ तीच ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. ऑफिस आठवलं तर आठवू दे, चिडू नका, परत त्या हसऱ्या मुखाकडे या. नाथ नदीकडे परत जायचे तसं.

फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला, तोही गोदावरीतच, रोजच्या स्नानाच्या त्या पाण्यात. नाथषष्ठीला पैठणला आजही दिंड्या येतात. एकदा जाऊन या.

उद्या १५ वा अध्याय. सिद्धींचा आहे, जरा सांभाळून वाचायचाय. जय हरी!